विलासच्या तीन सह्या आणि रांगमावशी

१९८४, ऑगस्टमधला एक बुधवार. ठिकाण: सरकारी रुग्णालयातली अपंग प्रमाणपत्रांची खिडकी. हजर: मी, धाकटा भाऊ विलास आणि शेजारच्या खोलीतल्या रांगमावशी. गैरहजर: तिन्ही डॉक्टर.

मावशींचं आडनाव राणे, पण भांडुपच्या आमच्या चाळीत ते कुणाच्या तोंडी नव्हतं. रांग दिसली की त्या आधी उभ्या राहत आणि कशाची आहे ते नंतर विचारत. रॉकेल असो, साखर असो, चाळीत कुणाला ना कुणाला लागायचंच. एकदा घाटकोपरला अर्धा तास उभं राहिल्यावर त्यांना कळलं, की रांग एका गृहस्थांच्या अंत्यदर्शनाची आहे. दुसरं कुणी मागच्या मागे सटकलं असतं. मावशींनी हात जोडले, त्या अनोळखी घरात सगळ्यांना चहा करून घातला, आणि गेलेल्या गृहस्थांचा मेहुणा सरकारी कचेरीत कारकून आहे हे कळल्यावर त्याच्याकडून कामाची गोष्ट काढून घेतली.

"पोलिओ झालेल्या पोरांक सरकारी नोकरेत जागा राखून ठेवतत गो," दारातूनच त्यांनी मला सांगितलं. "आणि आमका कोणी सांगूकच नाय!"

विलासचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. साकीनाक्याच्या वर्कशॉपांत तो दोनदा कामाला लागला आणि दोनदा परत आला. दिवसभर उभं राहणं जमेना. तेव्हापासून तो घरात फारसं बोलत नसे. मावशींच्या सांगण्यावरून आम्ही एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये त्याचं नाव नोंदवलं, आणि टेलिफोन ऑपरेटरच्या राखीव जागेसाठी पत्र आलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र शनिवारपर्यंत सादर करायचं होतं. तपासणी जुलैतच झाली होती. कागद भरून आमच्या हातात होता. मेडिकल बोर्डाच्या तीन डॉक्टरांच्या सह्या आणि शिक्का, एवढंच बाकी.

खिडकीतला कारकून म्हणाला, "काय मावशी, पेपर वाचत नाय काय? गॅस्ट्रोची साथ चाललीय. डॉक्टर सगळे कॉलऱ्याची लस टोचायला गेले. बोर्ड बंद."

"कधी उघडणार?" मी विचारलं.

"साथ संपली की."

"आणि साथ कधी संपणार?"

"ते मला काय विचारता? नळाला विचारा."

विलास कुबडी सावरून दाराकडे वळला. मावशी हलल्या नाहीत. कुठल्याही खिडकीशी त्यांची एकच रीत होती: नाही म्हणणाऱ्याला नियम वाचून दाखवायला लावायचा. "तीनव सह्यो एकाच टेबलार होयेत, असा खंय लिवलाहा? वाच बघू."

कारकुनाने कागद उलटसुलट केला. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग तोच हसला आणि तीन डॉक्टर कुठल्या तीन शिबिरांत आहेत ते त्याने सांगितलं. मी लिहून घेतलं: गुरुवारी भांडुपची शाळा, शुक्रवारी सकाळी मुलुंड, दुपारी घाटकोपर.

भांडुपच्या शाळेत शे-दीडशे माणसं बाह्या वर करून उभी होती. मी कागद घेऊन सरळ टेबलाकडे निघाले, तर मावशींनी पदर धरून मागे ओढलं. "रांगेतल्या माणसाक कोण हाकलीत नाय. रांग मोडणाऱ्याक सगळे हाकलतत." म्हणून आम्ही तिघांनी लस घेतली, आणि दंड चोळत चोळत विलासने कागद पुढे केला. डॉक्टरांनी एकदा त्याच्या पायाकडे पाहिलं आणि सही केली.

मुलुंडलाही तेच. फक्त तिथे नर्स विलासचा दंड पुसू लागताच मावशी मध्ये आल्या. "त्याका काल टोचल्यानी. आज माका टोचा."

"तुम्हाला नाही ना टोचलं काल?"

"माजी पाळी आज," मावशी म्हणाल्या आणि दुसरा दंड पुढे केला. सही मिळाली.

घाटकोपरला पोहोचेपर्यंत त्यांचं अंग कढत झालं होतं. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बाकावर बसा." ऐकतात कुठल्या! टेबलाशी त्यांनी पदर बाजूला केला, तर दोन्ही दंड सुजलेले. डॉक्टर तिथे करवादलेच. "बाई, दोनदा घेतलीय! परत रांगेत कशाला आलात? जिवावर उदार झालात का?"

"सही होयी, डॉक्टरांनू. रिकाम्या हातान कशी मागू?"

सुई ट्रेमध्ये ठेवून डॉक्टरांनी पेन काढलं. सही करून झाल्यावर विलासला म्हणाले, "आजींना घरी ने आधी."

"आजी नाहीत," विलास म्हणाला. "शेजारी आहेत." मग कागदाची घडी घालता घालता, "नाही, आजीच."

शनिवारी कारकुनाने शिक्का मारला. मावशी दोन दिवस तापात होत्या आणि पडल्या पडल्या चाळीतल्या बायकांना सांगत होत्या, की सरकारी सुई फुकट असली म्हणून काय झालं, इतकी घेऊ नये.

विलास कामावर रुजू झाला त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो. मावशींनी अर्धाच घेतला. म्हणाल्या, "पेढो रवांदे. माका एक फोन कर. खालच्या वाण्याकडे. मशीनीतून तुजो आवाज कसो येता, ता आयकूचा हा."

"मावशी, ऑफिसातून घरचा फोन चालत नाही. कायम झालो की पहिला तुम्हालाच."

कायम व्हायला वर्ष लागलं. त्याआधीच मावशींच्या मुलाने मानखुर्दला खोली घेतली आणि त्या गेल्या. टेम्पोत बसताना म्हणाल्या, "पत्तो झिल धाडतलो." मुलाकडून पत्ता आला नाही. आणि मी, जी दुधाच्या बाटल्यांचीसुद्धा नोंद ठेवते, तिने त्या दिवशी लिहून घेतला नाही. पुढे मी दोनदा मानखुर्दला जाऊन आले. राणे पुष्कळ भेटले. रेशनच्या दुकानापुढे पाठमोऱ्या बायका पाहत उभी राहिले. एकीला हाकही मारली. ती वळली, त्या नव्हत्या.

विलास आता टेलिफोनच्या बोर्डावर सगळ्यांत जुना आहे. दिवसाला किती आवाज जोडून देतो, त्याची त्यालाच मोजदाद नाही. मी दर जानेवारीत नवी डायरी काढते आणि राहिलेली कामं उतरवून घेते. गॅसचं, विम्याचं, डॉक्टरांचं मार्चपर्यंत खोडून होतं. एक तसंच पुढे जातं: 'मावशींना विलासचा फोन.' त्याच्यापुढे नंबरापुरती जागा मोकळी ठेवते.