काबुली माणसाच्या नावावर घर

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. आदिलाबादच्या कचेरीत रांगेत माझ्यापुढे जैनथ गावची एक म्हातारी माळीण उभी होती. तिची पिशवी सांभाळत मागे एक थकलेला काबुली पठाण होता.

"माह्या माघारी घर याच्या नावानं लिवा," ती कारकुनाला म्हणाली.

मी हादरलोच.

"हा तुझा कोण?" कारकुनानं विचारलं.

"मालक गेल्यापासून एका चुलीचं खातो आमी."

"बाई, परदेशी लोकांना देशाबाहेर पाठवून राह्यले. घर लिहून दिलं, तरी याला इथं राहू देतील का?"

ती पदर घट्ट ओढून पठाणाकडे वळली.

"तुह्या गावाकडे वांगे पिकतेत काय?"

पठाण भिंतीला धरून खालीच बसला. उभा जन्म पैनगंगेच्या काठी काढलेली ती बाई काबूलला निघाली होती.