रिबन डाव्या हाताले

घरामागं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यायचा ढीग असते पाहा. चुलीसाठी एक काडी ओढाले गेलं की दहा अडकून येतात, आन् वरतून हातही खरचटते. सायकलवाल्यायचे किस्से तसेच हायेत. एक सांगाले बसलो की बाकीचे लटकतच येतात. लायनीत सांगाले मले जमत नाही. शाळा लवकर सुटली माही. मास्तरच्या अंगावर धावून गेलो होतो. राग पहिल्यापासूनच नाकावर.

पिकअप घेतली होती कापूस वाहाले. डोणगावच्या बाजूचा कापूस भरायचा, मलकापूरच्या जिनिंगवर टाकायचा. त्या साली बोंडअळी आली. दुकानदार सांगे, हे बीटी बियाणं हाय, याच्यात अळी येत नाही. थैलीवर बी तसंच छापेल होतं म्हणे. अळीले वाचता येत नसन! बोंडं वरतून हिरवीगार, आतून खलास. कापूसच नाही तं गाडी काय वाहीन? दारात उभी राह्यली, तिच्याखाली कोंबड्या बसाले लागल्या.

तवा पुण्याचे मंदार सर आले. ते शहरातल्या लोकायले घेऊन जंगलात, घाटात, तलावायच्या काठानं सायकली चालवतात. सामान वाहाले गाडी पायजे होती. म्या इचारलं, "सायकल चालवाचे पैसे तुमी त्यायले देता का ते तुमाले देतात?"

"ते देतात," सर म्हणे.

मले वाटलं माह्या आयकण्यात चूक झाली. पुन्हा इचारलं. तेच सांगतलं.

*

पहिली ट्रिप. पाहुणे अन् सायकली मलकापूरले रेल्वेनं आल्या. सायकली खोक्यात. डोणगावच्या स्टँडवर पंक्चरचं दुकान हाय त्या जब्बारले म्या संगं घेतलं होतं. फवारणीचे पंप बी तोच दुरुस्त करते. त्यानं पहिलं खोकं उघडलं आन् कपाळावर हात मारला.

"दादा, लुट गये."

पाहतो तं काय, सायकलीले स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, मडगाड नाही. दुसरं खोकं उघडलं, तेच. सगळ्यायचं सामान गायब! माही तार सटकली. तसाच पार्सलच्या खिडकीवर गेलो आन् तिथल्या बाबूची गचांडी धरली. हमाल इकडं तिकडं पळाले. थोड्या वेळानं एकजण एक कॅरिअर आन् एक घंटी घेऊन आला, म्हणे हे घ्या, बाकीचं पाहून राह्यलो.

तेवढ्यात सर चहाचा कप घेऊन आले. "शेषराव, या सायकलींना ते काही नसतंच."

सायकल केवढ्याची तेही सरनं सांगतलं. जब्बार खोक्यावर बसूनच गेला. म्हणे, "दादा, जितके पैसे जास्त, तितकं सामान कमी. हे कोणतं दुकान हाय?"

आमी निंगालो तं बाबू मांगून आला. शर्ट नीट करत म्हणे, "भाऊ, ते कॅरिअर आन् घंटी माह्या सायकलची होती. तेवढी देऊन जा."

*

त्या दिवशी सरनं मले बाजूले घेतलं. आवाज त्यायचा एकदम थंड. "शेषराव, एकदा झालं ते झालं. पाहुण्यांसमोर पुन्हा आवाज चढला, तर तुमची गाडी बंद."

घरी सांगतलं. बायकोनं डब्यातून अख्ख्या सुपाऱ्या काढल्या आन् माह्या खिशात टाकल्या. म्हणे, "राग आला की एक दाढेखाली धरा. फोडायची नाही. सुपारी हाय तोवर तोंड उघडायचं नाही. घरात हे गाडीच कमवून राह्यली, ध्यानात ठेवा."

लगेच दुसऱ्या दिवशी कामी आली. एका पाहुण्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा दाबला की खाली जाये, सोडला की वर. जब्बारले वाटलं ढिला झाला. त्यानं कोणाले न इचारता दोन्हीकडं बाभळीचे तुकडे घातले आन् ट्यूबच्या पट्ट्यायनं आवळून टाकलं. तो माणूस राजूर घाटात हाडं खिळखिळी करून आला. चमचा हातात धरवेना. म्हणे, "रस्ता फारच खराब आहे तुमच्याकडे."

रस्त्यावरचं डांबर अजून वाळलं नव्हतं, इतका नवा.

जब्बार सायकलीवर हात फिरवून म्हणे, "अब कैसी कडक हो गई!"

म्या सुपारी दाबून धरली. दाढ दुखाले लागली, पण गाडी राह्यली.

*

पुढचं सरच्याच हापिसातलं. कोकणच्या ट्रिपचं पत्रक चुकून आमच्या पाहुण्यायले गेलं. त्याच्यात लिहेल, समुद्रकिनारा, जंगल आन् तलाव. जंगल आमच्याकडं हाय, बुलढाण्याच्या खाली पायजे तेवढं. तलाव बी हायेत. समुद्र कुठून आणू?

ठाण्याचे एक काका पोहाची चड्डी घेऊन आले होते. नळगंगेच्या धरणावर पोचलो तं म्हणे, "किनारा हाच का?" म्या सुपारी दाढेखाली धरली. जंगलातून उतरलो, एक पाझर तलाव लागला. "हा तर नाही ना?" सुपारी तिथीच. त्यायले वाटे, या माणसाले मुकेपणाचा आजार हाय. सर दर वेळी मांगं राहत आन् मलेच खुणावत, काहीतरी सांगा म्हणून. काय सांगू बाप्पा?

शेवटी लोणार आलं. काका खाली उतरले, बोट बुडवलं, जिभेले लावलं, थुंकले.

"अहो, हे तर खारं आहे!"

"मंग?" म्या म्हनलं.

काका इचारात पडले. मंग म्हणे, "पण पलीकडचा किनारा दिसतोय की."

जब्बार म्हणे, "दिसते ना काका. तुमच्या समुद्राचा दिसत नाही, त्याले आमी काय करावं?"

*

अळी मरन म्हणून लोकं दवा मारूनच राह्यले होते तवाची गोष्ट. फवारणीत लोकायले दवा लागे, चक्कर येऊन वावरातच पडत. सगळीकडं भेव.

एक पाहुणा घाट चढून वरती आला आन् लिंबाखाली आडवा झाला. तोंडावर फडकं, डोळ्यावर चष्मा, अंग घामानं चिंब. वावरातून चालेल माणसायनं पाह्यलं. म्हणे, गड्याले फवारा लागला! धावले. त्याचा शर्ट काढला, अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या. तो उठाले पाहे, हे दाबून धरत, "पडून राहा भाऊ, बोलू नको." तो इंग्रजीत बोलला. ते म्हणे, झालं, बरळाले लागला.

मेटाडोरमधी घातला, सायकलही घातली. ज्या घाटातून तो जीव तोडून चढला होता, त्याच घाटातून खाली दवाखान्यात नेला. डॉक्टरनं इचारलं काय झालं.

तो म्हणे, "मी आराम करत होतो."

*

हे एक हसण्यासारखं नाही, तरी सांगतो.

एका गावातून सायकली चालल्या होत्या. डोक्यावर टोप, हातात मोजे, पाठीवर पिशव्या. गावात बोंब झाली, पंचनाम्याचे साहेब आले. बोंडअळीच्या पंचनाम्याची लोकं लय दिवसापासून वाट पाहून राह्यले होते. बायामाणसं किडेल बोंडं पदरात, टोपल्यात घेऊन रस्त्यावर आली.

बाकीचे निंगून गेले. एक मॅडम मांगं राह्यली होती, ते सापडली. कंप्युटरमधी काम करे. तिनं एक बोंड फोडलं, आतून गुलाबी अळी निंगाली, मॅडम दचकली आन् मोबाईलनं फोटो काढला. झालं! फोटो काढला म्हंजे पंचनामा सुरू. "माहं वावर इकडं हाय." "मॅडम, आमचंही घ्या." तिले नाही म्हणताच येईना. उन्हं कलेपर्यंत ते बाई वावरावावरातून फिरली, एकेक बोंड पाह्यलं, एकेक फोटो काढला.

मी गाडी घेऊन शोधत गेलो तं ते खाटेवर बसेल, हातात चहा, डोळ्यात पाणी. मले हळूच म्हणे, "दादा, मी यांना काय सांगू?"

म्या तिची सायकल उचलून गाडीत टाकली.

एक म्हातारा गाडीपर्यंत आला. म्हणे, "बाई, तू खरी पंचनामेवाली नाहीस ते समजलं आमाले. सकाळीच समजलं."

"मग सगळं दाखवलंत कशाला?"

"पाहत होतीस म्हणून."

*

आता शेवटची ट्रिप. हे आमच्याच गावावरून होती. जंगलातून उतरायचं, नाल्याकाठानं यायचं आन् गावच्या तलावावर जेवण. सरनं मले लाल-पांढऱ्या रिबनचं बंडल दिलं. "झाडांना बांधत जा. मी पाहुण्यांना एकच सांगणार, रिबन डाव्या हाताला ठेवायची, कुठेही सोडायची नाही. हे नीट पार पडलं तर पुढच्या वर्षीही गाडी तुमची. आणि शेषराव, आवाज नाही."

म्या आदल्या दिवशी सगळी रिबन बांधली. गाठी पक्क्या.

दुसऱ्या दिवशी तलावावर पिठलं-भाकरी घेऊन बसलो. भाकरी वाळल्या. पिठल्यावर साय धरली. कोणीच येईना. जब्बार म्हणे, "दादा, बिबट्या?"

"बिबट्या काय करन त्यायले? तोच चक्कर येऊन पडन."

पण उठलोच. पायीच उलटं निंगालो. नाल्यापर्यंत झाडायवर रिबनचा तुकडा नाही! आन् पुढं गेलो तं मंजुळामायचं वावर दिसलं.

मंजुळामाय आमची शेजारीण. जंगलाले लागूनच वावर. तिची पऱ्हाटी अळीनं नेली, तिनं उपटून फेकली आन् हरभरा टाकला. सालभराचं खाणं त्याच्यावर. आन् रानडुकरं रोज जंगलातून उतरत. म्हातारीनं जुनी लुगडी बांधली, ते फाटली. राखणीच्या माळ्यावर बसून डबा वाजवे, हात भरून येत.

तं त्या वावराच्या चारी बाजूनं काठ्या रोवून माही रिबन बांधेल. आन् बांधाच्या धुऱ्याधुऱ्यानं, रिबन डाव्या हाताले ठेवून, सगळे सायकलवाले गोल फिरून राह्यले होते! पुढच्यायले वाटे, सरनंच असा रस्ता आखला. सर होते मांगं, त्यायले वाटे पुढच्यायले ठाऊक असन. मंग पुढचे फिरून सरच्या मांगं आले. त्याच्यानंतर पुढचा कोण आन् मांगचा कोण, काहीच राह्यलं नाही.

मी सुपारी तोंडात टाकली. मंग काढली, कारण इचारणं भाग होतं. माळ्याखाली जाऊन म्हनलं, "माय, रिबन तू आणली?"

"झाडायले कोणीतरी बांधून ठेवेल होती बाप्पा. तिथी काय कामाची? इथी वाऱ्यानं फडफडते, डुक्कर बिचकते."

"आन् हे लोकं?"

"तूच धाडले ना राखणीले? सकाळपासून फिरून राह्यले बिचारे, पाणी बी मागत नाही. म्या म्हनलं शेष तापट हाय, पण मनाचा चांगला."

मी काही बोलायच्या आत सर आले. सायकल धुऱ्यावर आपटली. तोंड लालबुंद. आन् माह्यावर सुटले! मूर्ख, अडाणी, अक्कल, लायकी, काय नाही ते. मलकापूरच्या बाबूले म्या बोललो ते याच्यापुढं आरती होती. पाहुणे खाली मान घालून उभे. सरनं रिबन तोडाले हात घातला. माळ्यावर मंजुळामाय उभी राह्यली, डबा छातीशी धरून.

म्या खिशात हात घातला. एक सुपारी काढली, धोतराले पुसली आन् सरसमोर धरली.

"सर, दाढेखाली धरा. फोडायची नाही."

सरनं माह्याकडं पाह्यलं. मंग पाहुण्यायकडं. रिबन सोडली, सुपारी घेतली आन् दाढेखाली धरली.

रिबन तेवढी फडफडत होती.

मंग वरतून मंजुळामाय म्हणे, "शेष, त्या सायबाले म्हण, डुक्कर नाल्याकडून येते. एक चक्कर तिकडून जरा हळू मारा."

सरनं तोंड उघडलं. सुपारी होती. तोंड मिटलं. सायकल उचलली, तिची माती झटकली, आन् रिबन डाव्या हाताले ठेवून निंगाले.