चिमणीचे चार दात

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका. फजिती माझीच आहे, आणि तीही भर सभेतली.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीचा मी सेक्रेटरी. कालवडीचं पहिलं वेत कधी व्हावं, यावर माझं भाषण ठरलेलं. अंग भरलं की दीड वर्षाच्या सुमाराला भरवा, म्हणजे रेतन करून घ्या, अडीचच्या आत ती व्यायलाच हवी. फार घाई केली तर बिचारी वितानाच अडते, फार उशीर केला तर चरबी धरते आणि गाभणच राहत नाही. इतक्यांदा सांगितलंय, की आमचा बैलसुद्धा पाठ म्हणून दाखवेल!

आणि माझ्या घरात? घरात चिमणी, आमची कालवड. तिच्या आईला आधीच्या मालकानं कोवळ्या वयातच भरवलं होतं. माझ्याकडे आली ती गाभण, आणि चिमणीला जन्म देताना गेली. मी आणि माझी लेक पूर्वा, दोघांनी बाटलीनं दूध पाजून चिमणीला जगवलं. बाटली संपली तरी ती माझा अंगठा चोखत उभी राहायची.

आता सांगा, अशा पोरीला भरवायला मन कसं धजेल? गुरांचे डॉक्टर विचारायचे, मी म्हणायचो, लहान आहे हो अजून. मग थंडी होती, मग ऊन होतं, मग कपाशीची वेचणी होती. सरकीची पेंड मात्र रोज दोन्ही वेळा. बायको म्हणायची, "जगले शिकाडतस, अन घरनी कालवड म्हतारी करतस." मी ऐकतो कशाला?

एकदा सोसायटीची सभा आमच्याच अंगणात भरली. भाषण रंगात आलं आणि मला अवदसा आठवली. चिमणीला सोडून आणलं, पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, ही बघा, दीड वर्षाची, आता हिची वेळ झाली. देवाशपथ, मला खरंच तसं वाटत होतं.

समोर बसलेले नाना उठले. गुरांच्या बाजारात जन्म गेलेला माणूस. त्यांनी चिमणीचा ओठ अंगठ्यानं खाली दाबला आणि दात पाहिले; दुधाचे पडून पक्के दात किती आले, त्यावरून गुरांचं वय कळतं.

"भाऊ, हाई तं चार दाती शे. दीड वरीसनीले चार दात कसा उनात?"

कोणीतरी विचारलं, हिचा जन्म कधीचा? मी ऐटीत म्हणालो, पूर्वाची दहावीची परीक्षा चालू होती तेव्हाचा. मग पूर्वा आता कुठे आहे? जळगावला, कॉलेजात, पहिलं वर्ष संपत आलंय... आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. तीन वर्षं झाली होती!

अंगण हसून लोटपोट. मीही हसलो, पण आतून गलबललो. एक पोर घराबाहेर पडली होती, म्हणून दुसरीला मी मनातल्या मनात वाढूच दिलं नव्हतं.

नानांनी शेपटीच्या मुळाशी चाचपलं आणि हळूच म्हणाले, "चरबी धरी लिन्ही शे. आते उशीर करू नको, भाऊ. वांझ ऱ्हाई जाई."

मग मात्र माझी झोप उडाली. पेंड तोडली, डॉक्टरांना बोलावलं. दोनदा भरवली, दोन्ही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही. माझ्या लाडानं तिचं वाटोळं केलं, असं वाटू लागलं. तिसऱ्यांदा राहिली.

ती व्यायली त्या सकाळी पूर्वा जळगावहून आली होती. चिमणीच्या आईचं आठवून मी गोठ्यातून हललोच नव्हतो. पण चिमणी शहाणी, सुखरूप सुटली. कालवडच झाली. मी गोठ्यात बसून मोकळेपणी रडलो, लाज कसली?

ती कालवड आता दीड वर्षाची झाली. परवा डॉक्टर आले, तिच्याकडे बघून म्हणाले, काय सेक्रेटरी, हिला भरवायची ना?

माझ्या तोंडून निघून गेलं, "लहान आहे हो अजून."

डॉक्टर दात बघायला वाकले. डॉक्टरांसमोर बायको एकदम शुद्ध बोलते.

"तिचे राहू द्या, डॉक्टर. यांची अक्कलदाढ आलीय का, ते बघा."