कच्च्या जोडाच्या सहा पट्ट्या

बाबा चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पाइपांना आतून टाईल्स चिकटवायचे. कोळशाची भुकटी नुसतं लोखंड खाऊन टाकते, म्हणून लोखंड, त्यावर चिकट रसायन आणि त्यावर टाईल असे तीन थर. कुठली टाईल सुटायला आली आहे ते बाबा हातोडीनं टकटक करून सांगायचे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले आणि पीएचडीला हाच विषय घेतला. बाहेरून अल्ट्रासाउंडची लहर सोडायची, ती थरांमधून सरकत जाते, आणि ती किती उशिरा पोचली त्यावरून जोड कच्चा की पक्का ते ओळखायचं. हे सगळं आधी कॉम्प्युटरवर, सिम्युलेशन करून. बाबा हसायचे. त्यांचे कान म्हणे याहून हुशार.

सिम्युलेशन खरं ठरवायला टाईल चिकटवलेल्या खऱ्या लोखंडी पट्ट्या लागतात. मी निवृत्त बाबांनाच कामाला लावलं. सहा पट्ट्या नीट चिकटवा आणि सहा मुद्दाम कच्च्या, खाली तेलाचा हात फिरवून. त्यांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी अंगणात बारा पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या, खडूच्या खुणांसकट.

पक्क्या मी जानेवारीत तपासल्या, कच्च्या मे महिन्यात. कच्च्यांमध्ये लहर खरोखर उशिरा पोचली. मी हरखलेच. मग सिम्युलेशनमधला चिकट थर थोडा थोडा मऊ करत नेला, दोन्हीकडचे आलेख जुळेपर्यंत. तीन वर्षं त्यात गेली. प्रबंधाचा सगळा डोलारा त्या जुळलेल्या आलेखांवर उभा होता.

शेवटी माझ्या मार्गदर्शक बाईंनी एवढंच सांगितलं, की कच्च्या पट्ट्या ओढून तोडून दाखव. हलक्या हातानं सुटायला हव्या होत्या. एकही सुटली नाही. एकीची तर टाईलच मधून फुटली, खालचा जोड होता तसाच.

घरी येऊन मी तडकलेच. "बाबा, तेल लावलं होतं का नाई तुम्ही?"

"लावलं होतं," बाबा म्हणाले. "मंग पुसून टाकलं. घासलं, साफ केलं. तेलावर टाईल लावते काय व कोनी?"

"मी खराबच मागितल्या होत्या ना!"

"थे मले नाई जमत, बेटा. एक तरी निंगाली काय?"

नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की मला ओरडताही येईना.

लहर उशिरा का पोचली, ते त्याच रात्री उमगलं. उष्णतेनं चिकट थर मऊ पडतो, आणि मे महिन्यात आमच्या लॅबमधला कूलर बंद होता. तीन वर्षं मी चंद्रपूरचा उन्हाळा मोजत बसले होते! स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. नव्या पट्ट्यांसाठी विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज केला. तो नामंजूर होऊन परत आला; आता नव्या पट्ट्या मिळाल्या तरी तपासायला वेळ नव्हता.

हे मी घरात सांगितलं नाही. चार दिवसांनी बाबांनी मी न मागता सहा पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. टाईल्स तिरप्या, रसायन कडेनं ओघळलेलं. दोन तर उचलताच हातात आल्या.

"घे," ते म्हणाले. माझ्याकडे पाहत नव्हते. "तेल नाई लावलं. नीटच लावाले गेलो होतो. हात थरथर कापते आता, खराबच होते."

मी सहाही पट्ट्या पिशवीत भरल्या आणि म्हणाले, "अशाच पाह्यजे होत्या, बाबा."