पाण्यातली जागा

मुरबाडजवळच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा मी सकाळी काळू नदीवर धुणं घेऊन जात असे. तिथे एक बाई रोज दिसायची. अंगाने अफाट, वयाने माझ्या आईएवढी. काठावर बसून आधी पायाने पाणी चाचपायची, मग कासोटा घट्ट खोचून डोहात उतरायची आणि उताणी होऊन तरंगत राहायची. धुक्यात तिचे नुसते हात हलताना दिसत, सावकाश, पाळण्याला झोका दिल्यासारखे.

"डाक्तरनी भात बंद केलाय," एकदा ती आपणहून म्हणाली. "आनि चालायला सांगितलंय. रस्त्यानं चालले तर पोरं मागं लागतात, हत्ती हत्ती करीत. म्हनून हितं येते."

"मग उतरलं का काही वजन?" मी मास्तरीण, मला हिशेबाचीच पडलेली.

ती हसली. "नाय गो. पन पान्यात मला कोन सरक म्हनत नाय."

पुढे एकदा शहापूरच्या एस.टी.त ती चढली. गर्दी नव्हती. मी खिडकीकडे सरकले आणि शेजारची जागा थोपटली. तिने नुसती मान हलवली आणि दांडा धरून उभीच राहिली. गाडी काळूच्या पुलावर आली तसे तिचे डोळे मिटले. मोकळा हात हवेत सावकाश हलू लागला, डोहात हलायचा तसाच. पूल संपला, हात थांबला.

मी सरकून केलेली जागा शहापूरपर्यंत रिकामीच राहिली.