मास्तरांनी सोडला नाही तो सूर

"मीटर खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो," असं म्हणून मास्तर आधी मल्टिमीटरची लाल-काळी टोकं वायरीला लावत आणि मगच समोरच्याकडे बघत. चहा घेणार का विचारलं तरी तेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडतं. आमच्या परभणीच्या ऑर्केस्ट्रात हे होते. मी ढोलकीला, त्यांच्या शेजारी बसून रोज शिव्या खाणारा.

एरवी ते स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करत. ऑर्केस्ट्राच्या मालकानं मुंबईहून जुना सिंथेसायझर आणला, तेव्हा त्यांच्या अंगात वारं शिरलं. पट्ट्यांचा कीबोर्ड एका कंपनीचा, आवाज काढणारा डबा दुसऱ्याच कंपनीचा. मधे दोन वायरी. एकीतून जितके जास्त व्होल्ट जातील तितका सूर चढायचा. सूर सुरू कधी व्हायचा आणि थांबायचा कधी, ते दुसरी ठरवायची. पहिल्या दिवशी सगळं उलटंच झालं. पट्टी दाबली की चिडीचूप, बोट उचललं की डबा गळा काढायचा.

"ह्यो सरकारी डबा हाय," मास्तर म्हणाले. "अर्ज केला की गप, आन् पाठ फिरवली की बोंबलायलाय."

मेलेल्या रेडिओतला ट्रान्झिस्टर मधे घालून त्यांनी तो सरळ केला. उन्हानं डबा तापून बेसूर व्हायला लागला की भोवती ओल्या पोत्याचा आडोसा करत. त्यातून ते अशी सनई काढत की वऱ्हाडी सनईवाला शोधत फिरायचे.

पण विद्यापीठाच्या नावावरून वस्त्या पेटल्या, तेव्हापासून खेड्यात मास्तरांचं आडनाव चालेना. मालक माइकवर आम्हा सगळ्यांची नावं आडनावासकट घ्यायचा. त्यांच्यापाशी आला की नुसतं म्हणायचा, "आणि आमचे मास्तर."

"माझ्या बापानं नाव ठेवलंय मला," मास्तर म्हणत.

"पुढच्या कार्यक्रमाला घेतो. आता सुपारी जाईल," मालक म्हणायचा. असे पुढचे कार्यक्रम कित्येक झाले.

मग देवगाव फाट्याजवळच्या एका गावात पाटलाच्या घरचं लग्न आलं. भर दुपारी मांडव भरलेला. मालक म्हणाला, "आणि आमचे मास्तर." मास्तरांनी शांतपणे डब्याची ती दुसरी वायर कीबोर्डातून उपसली आणि थेट पिशवीतल्या एका बॅटरीला जोडली. सूर लागला तो थांबेना. मालकानं पट्ट्या बडवल्या. सूर वर-खाली झाला, पण चालूच राहिला.

"नाव घ्या, मंग थांबवतो," मास्तर म्हणाले.

मालकानं धावत जाऊन जनरेटरच बंद केला. झालेल्या शांततेत मास्तर उभे राहिले. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. माइक नव्हता, तरी शेवटच्या पंगतीपर्यंत ऐकू गेलं.

पंगतीतल्यांनी ताटं सरकवली. नवरदेवाच्या चुलत्यानं काठी घेतली. पहिली त्यांच्या उजव्या हातावर बसली, पुढच्या कुठं कुठं बसल्या ते सांगवत नाही. आम्हा सगळ्यांना टेम्पोत कोंबून गावाबाहेर काढलं. मास्तर हाताला टॉवेल गुंडाळून बसले होते आणि मालक त्यांनाच म्हणत होता, "तुमी माझा धंदा बुडवला."

ती बोटं नंतर वळलीच नाहीत. सिंथेसायझर सुटला, रेडिओही सुटले. पुढे विद्यापीठाला नाव मिळालं, वस्तीत पेढे वाटले गेले. मास्तर त्याआधीच गेले होते. माझा राग काही अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

हे लिहायच्या आधी मी त्यांच्या मुलाला भेटून आलो. जिल्ह्यातच नोकरीला आहे, भाड्याच्या घरात राहतो. चांगला मुलगा आहे. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत सोडायला आला, मागे एकदा बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, लिहा तुमी. फकस्त अण्णांचं नाव टाकू नका. घरमालकाला आमी दुसरंच आडनाव सांगितलंय."

टाकलेलं नाही.