खंडेनवमीचा पाहुणा

आज खंडेनवमी. लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं, बोटांना त्याचा उग्र वास लागला आणि वडगावातलं आमचं मागाचं घर आठवलं.

तेव्हा एक जर्मन व्यापारी आमचं कापड बघायला येणार होता. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्याला मुद्दाम खंडेनवमीलाच बोलावलं. सणाला पाहुणा यावा, आणि त्या दिवशी माग दिसतात किती देखणे. तेल देऊन पुसलेले, हळदकुंकू लावलेले, गळ्यात हार घातलेले. एरवीच्या खडखडाटाशिवाय घर इतकं शांत होतं की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्या शांततेची तेव्हा कुणालाच भीती वाटली नाही.

“जरा चालवून दाखवा की,” सोबतचा दलाल म्हणाला.

“आज न्हाय. आज त्यांचा मान हाय,” आप्पा हसले. “उद्या या म्हणावं.”

पाहुण्यानं गूळखोबरं घेतलं, बंद मागांकडे एकदा बघितलं आणि नम्रपणे हात जोडले.

“लई सज्जन माणूस,” आप्पा संध्याकाळी म्हणाले.

तो परत आला नाही. आता मी जर्मन कंपनीतच काम करतो, म्हणून कळतं. सुट्टी त्यांनाही प्यारी असते. पण काम बघायला बोलावून बंद यंत्र दाखवणाऱ्यावर ते भरवसा ठेवत नाहीत. पुढं माग एकेक करून भंगारात गेले आणि ती शांतता घरात कायमची राहिली.

मीटिंगसाठी फोन वाजला.

“आज बी?” आप्पांनी दारातून विचारलं.

मी फूल बाजूला ठेवलं आणि लॅपटॉप उघडला.